रांग दाखवा : मुंबईच्या ३६ आमदारांना एका निवृत्त पोस्टमनचं खुलं पत्र

मुंबई शहर आणि उपनगरांतल्या सन्माननीय आमदारांना,

स. न. वि. वि.

मी पोस्टमन होतो. आधी गिरगावात, आणि नोकरीची शेवटची चौदा वर्षं पूर्व उपनगरातल्या एका बीटवर. त्या बीटमध्ये एक संक्रमण शिबिर होतं, म्हणजे इमारत पाडल्यावर भाडेकरूंना तात्पुरतं ठेवायची जागा. तिथल्या पहिल्याच आठवड्यात दुसऱ्या मजल्यावरच्या एका आजींनी मला दारात अडवलं. "तू आमच्या चाळीत यायचास ना रे? मनीऑर्डर आणायचास." चेहरा मला आठवेना, पण त्यांनी चाळीचं नाव सांगितलं आणि जिना आठवला. मधल्या एका पायरीची फळी निखळलेली, ती सोडून पाय टाकायचा. चाळ कधीच पाडून झाली होती. आजी मात्र तिला "आमची चाळ" म्हणायच्या आणि राहत्या खोलीला "इकडे". इकडे पाणी पहाटे येतं. इकडे डास फार. त्यांना इकडे येऊन तेव्हा बावीस वर्षं झाली होती.

निवृत्त होऊन मला चार वर्षं झाली. घरी बसवत नाही म्हणून शिबिरातल्या आणि चाळींतल्या लोकांचे अर्ज लिहून देतो. पैसे घेत नाही, चहा घेतो. हे पत्रही तसाच एक अर्ज समजा. टेबलापलीकडे बसलेला कारकून नियम वाचून दाखवतो, आणि ते नियम तुमच्या सभागृहातून आलेले असतात, म्हणून या खेपेला अर्ज तुमच्याकडे. मागणी एकच आहे आणि तिला फारसा खर्चही नाही. हक्काच्या घरासाठी ताटकळलेल्यांची रांग सगळ्यांना दिसेल अशी लावा.

मूळ दुखणं जुनं आहे. १९४७ चा मुंबईचा भाडे कायदा आला आणि भाडं १ सप्टेंबर १९४० ला जिथे होतं तिथेच बांधलं गेलं. गिरणीत, गोदीत, पेढीवर राबणाऱ्याला त्यामुळे या शहरात पाठ टेकता आली, हे कबूल. पण महिन्याला पस्तीस रुपये येणाऱ्या खोलीचा वासा कुजला तर मालकानं तो कशाच्या जिवावर बदलायचा? मालकानं हात वर केले. भाडेकरूनं खोली घेताना पागडी म्हणून रोख रक्कम मोजलेली, तो खोली सोडेना. दोघांच्या भांडणात जिना खचला. सर्वोच्च न्यायालयानं १९९७ साली सांगितलं, की गोठवलेल्या भाड्याच्या या तरतुदी आता वाजवी राहिलेल्या नाहीत. मग ३१ मार्च २००० पासून नवा कायदा लागू झाला आणि मालकाला वर्षाला चार टक्के वाढ मिळाली. पस्तीसवर चार टक्के म्हणजे एक रुपया चाळीस पैसे. मालकांची बाजू सहसा कुणी मांडत नाही. मी त्यांच्याही दारात पत्रं टाकली आहेत. मालकीणबाई तळमजल्यावरच्या अंधाऱ्या खोलीत राहायच्या आणि वरच्या मजल्यावर भाडेकरूचा एसी गुरगुरायचा, असंही पाहिलंय.

इमारती ढासळू लागल्या तेव्हा १९६९ साली दुरुस्तीचा कायदा झाला. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतच्या १९,६४२ जुन्या इमारती उपकराखाली आल्या. त्यांनी उपकर, म्हणजे दुरुस्तीसाठीचा जादा कर, भरायचा, दुरुस्ती मंडळानं (आता ते म्हाडाचं आहे) डागडुजी करायची, डागडुजीपलीकडे गेलेली इमारत पाडून नवी उभी करायची, आणि तोवर रहिवाशांची सोय संक्रमण शिबिरात. मकर संक्रमण एका दिवसात उरकतं. या संक्रमणात पोरं जन्मली, शिकली, त्यांची लग्नं झाली, आणि मुंजीची पत्रिका टाकली त्याच दारात मी त्याच मुलाच्या लग्नाचं पाकीट टाकलं.

सगळ्याच इमारती जागेवर उभ्या राहत नाहीत. कुठे भूखंड चिंचोळा, कुठे रस्तारुंदीची रेघ मधून गेलेली, कुठे नियमात बसत नाही. अशांच्या भाडेकरूंची नावं बृहद्‌सूचीत जातात. लोक तिला 'मास्टर लिस्ट' म्हणतात, आणि म्हणताना आवाज आपोआप खाली येतो. दुसरीकडे एखाद्या जुन्या इमारतीचा पुनर्विकास झाला, तिथल्या रहिवाशांना देऊन काही गाळे उरले आणि ते मंडळाकडे आले, की या सूचीतल्यांचा नंबर.

नंबर हा शब्द मी सवयीनं लिहून गेलो. चौदा वर्षांत त्या शिबिरात एकाही माणसाच्या तोंडून "माझा नंबर अमुक" असं मी ऐकलं नाही. "आमचं होईल", "साहेब बघतो म्हणालेत", "फाईल वर गेलीय" हेच ऐकलं. फाटकाजवळ एक फळा होता. त्यावर पाण्याची वेळ, गणेशोत्सवाची वर्गणी, कुणाच्या तरी दहाव्याची सूचना. कोण कधीपासून थांबलंय आणि कुणाला घर मिळालं, ही यादी त्या फळ्यावर मी कधी पाहिली नाही.

चाळीत नळावर पाणी यायच्या आधी बायका हंडे, कळशा, डबे ओळीनं लावून ठेवायच्या आणि घरात भाकऱ्या थापायला निघून जायच्या. माणूस नाही, नुसता हंडा उभा. तरी तो कुणी पुढे सरकवला तर तिसऱ्या मजल्यावरून आवाज यायचा. बाळंतीण असेल, घरात आजारपण असेल, तर तिचा हंडा सगळ्यांसमक्ष पुढे घेतला जायचा आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे. न्याय शिकायला त्या बायकांना कायद्याचं पुस्तक लागलं नाही. ओळ डोळ्यांसमोर होती, एवढंच.

तुम्ही म्हणाल, म्हाडाच्या घरांची सोडत तर उघड होते की. होते. २०२४ च्या मुंबईच्या सोडतीत २,०३० घरं होती आणि १ लाख १३ हजारांहून जास्त अर्ज. निकाल सगळ्यांना घरबसल्या पाहता आला. त्याच सोडतीत खासदार-आमदारांसाठी २ टक्के घरं राखीव असतात, हेही सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्यावर दर वेळी विनोद होतात. तुमच्यातल्या किती जणांना घराची खरोखर गरज आहे ते तुमचं तुम्हाला माहीत, मी त्यात पडत नाही. पण सोडत ही विकत घेणाऱ्यांसाठी असते. पैसे भरायची ऐपत असलेल्या लाखभर लोकांतून चिठ्ठी काढायची, तर नशिबाला विचारणं ठीक आहे. ज्याची खोली आधीच काढून घेतली गेली आणि "परत देऊ" असं सांगून ज्याला शिबिरात आणून ठेवलं, त्याचं येणं आहे. येणं असलेल्या माणसाला, बघू तुझी चिठ्ठी निघते का, असं आपण सांगत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये बृहद्‌सूचीवरच्या अडीचशेहून जास्त पात्र लोकांसाठी पहिल्यांदाच संगणकीय सोडत निघाली. साहेबाच्या मर्जीपेक्षा यंत्र बरं, म्हणून मी तिचं स्वागतच करतो. कुठलं घर कुणाला, कितवा मजला, हे यंत्रानं ठरवावं. आधी कोण, हे मात्र घर रिकामं केल्याच्या तारखेनं ठरलं पाहिजे.

आता घुसखोरांबद्दल. शिबिरांचा विषय निघाला की पहिला शब्द हाच येतो. मुंबईतल्या सगळ्या शिबिरांत मिळून वीस हजारांच्या आसपास गाळे, आणि त्यांत मूळ भाडेकरू नसलेली कुटुंबं हजारोंनी. सरकारनं २०१९ मध्ये शिबिरांत राहणाऱ्यांचे तीन गट पाडले. 'अ' म्हणजे मूळ भाडेकरू, 'ब' म्हणजे मूळ भाडेकरूकडून मुखत्यारपत्रावर वगैरे खोली घेतलेले, 'क' म्हणजे सरळ घुसलेले. पोस्टमनला हे सर्वेक्षणाशिवाय कळतं. दाराच्या पाटीवर एक आडनाव, विजेच्या बिलावर दुसरं, बँकेच्या पाकिटावर तिसरं. मला कोण कुठल्या गटातला ते तोंडपाठ होतं, फक्त विचारलं कुणी नाही.

यात मूळ भाडेकरू सगळे धुतल्या तांदळासारखे आहेत, असं मी म्हणणार नाही. खोली दुसऱ्याला लाख-दीड लाखाला देऊन विरार-बदलापूरला गेलेले आणि पात्रतेच्या तपासणीच्या दिवशी बरोब्बर हजर होणारे मी पाहिलेत. त्या दिवशी त्यांच्यासाठी खोलीत त्यांचे जुने फोटो टांगले जायचे. उलट 'क' मधली एक बाई मला आठवते. तिनं मंगळसूत्र मोडून कुणा एजंटाला पैसे दिले होते आणि तिच्याकडे एक भाडेपावतीही होती. पावतीवरचा शिक्का तिनं मला मोठ्या अभिमानानं दाखवला. मी आयुष्यभर शिक्के मारले. तो शिक्का रबराचा नव्हता, छापलेला होता. मी तिला बोललो नाही. बोलायला हवं होतं का, हे अजून ठरत नाही. तरी मला विचाराल तर 'अ' मधला शेवटचा माणूस घरी जाईपर्यंत 'ब' आणि 'क' मधल्या कुणाला ती जागा मालकीहक्कानं देऊ नये, पैसे घेऊनही नाही. त्यांना भर पावसात बाहेर काढा असंही मी म्हणत नाही. भाडं घ्या, राहू द्या, वेगळी सोय करा. पण मागून आलेल्याचा हंडा पुढे सरकला, की पुढच्यांचा रांगेवरचा विश्वास उडतो आणि मग जो तो साहेबाचं दार शोधायला लागतो.

नोटिशीचं एक सांगतो, कारण हे माझ्या हातून घडलंय. आजींच्या यजमानांच्या नावानं एका कार्यालयाची रजिस्टर नोटीस आली, कागदपत्रांच्या सुनावणीची. यजमान जाऊन सहा वर्षं झाली होती. रजिस्टर ज्याच्या नावाचं त्याच्या हाती द्यायचं, नाहीतर शेरा मारून परत पाठवायचं. मी पाकिटावर 'प्राप्तकर्ता मयत' असं लिहिलं, सही केली आणि ते परत गेलं. आजी दारातच उभ्या होत्या. "काय होतं रे?" "बाबांच्या नावचं आहे, देता येत नाही." सुनावणीची तारीख गेली आणि फाईलवर 'गैरहजर' असा शेरा पडला. मी नियमानं वागलो, नोटीस काढणारा नियमानं वागला, आणि मधल्या मधे एक म्हातारं माणूस तीन वर्षं मागे पडलं. चूक घरच्यांचीही होती. पावती आजींच्या नावावर करून घ्यायला हवी होती. पण दोघा मुलांचं जमत नव्हतं, आणि अर्जावर दोघांच्याही सह्या लागत होत्या. रजिस्टर टपालच आता राहिलं नाही, २०२५ मध्ये ते स्पीड पोस्टात मिळवून टाकलं. मेलेल्या माणसांना नोटिसा मात्र अजून जातात. मी लिहून दिलेल्या अर्जांत वर्षाकाठी दोन-तीन तरी असे निघतात.

आजीही पुढे गेल्या. शेवटची अकरा वर्षं त्यांचं सगळं मुलीनं केलं. ती नवऱ्यापासून वेगळी होऊन आईकडे आलेली, शाळेत शिपाई. तिची विम्याची नोटीस, बँकेचं पत्र, भिशीच्या मैत्रिणीनं कोकणातून पाठवलेलं कोकमाचं पार्सल, सगळं मी त्याच दारात दिलंय. १९९९ चा भाडे कायदा सांगतो, की भाडेकरू वारला तर त्या वेळी त्याच्यासोबत राहणारा कुटुंबातला माणूस भाडेकरू होतो. मुलगा म्हणत नाही, माणूस म्हणतो. या मुलीला मात्र विचारलं गेलं, रेशनकार्डावर नाव आहे का? नाव सासरच्या कार्डावर, आणि ते कार्ड नवऱ्याच्या ताब्यात. डोंबिवलीला राहणाऱ्या थोरल्या भावाचं नाव जुन्या कार्डावर शाबूत. आता वारस कोण, यावर बहीण-भाऊ कोर्टात आहेत आणि खोलीचं भाडं तीच भरते आहे. मी साक्ष द्यायला तयार होतो, अकरा वर्षं तिची डाक तिथेच दिली म्हणून. पण पोस्टमनच्या साक्षीचा रकाना त्या फॉर्मवर नाही.

कायद्यात तुम्ही भर घालाल तेव्हा एवढं बघा. सोबत राहणं सिद्ध करायला रेशनकार्डाशिवाय मतदारयादी, बँकेची पत्रं, मुलांच्या शाळेचे दाखले, शेजाऱ्यांचे जबाब हेही चालतील, असं साफ लिहा. नोटीस मूळ भाडेकरूच्या नावानं काढताना पुढे "किंवा सध्या राहणारे कुटुंबीय" असे चार शब्द घाला. सुनावणी शिबिरातच, रविवारी, समाजमंदिरात घ्या. शिपायाच्या नोकरीतून वारंवार खाडा करून वांद्र्याला म्हाडाच्या कार्यालयात जाणं सोपं नसतं.

आणि रांगेची यादी. दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर अतिधोकादायक इमारतींची यादी नावपत्त्यासह जाहीर होतेच. इमारतींची होते, तर माणसांची व्हायला हरकत काय? नाव छापणं नको असेल तर छापू नका. क्रमांक, जुन्या इमारतीचं नाव, खोली सोडल्याची तारीख आणि कागदपत्रांत काय अडलंय ते, एवढं शिबिराच्या फाटकावर लावा, मोठ्या अक्षरात, दर तीन महिन्यांनी. कुणाला पुढे घेतलं तर का, ते त्याच कागदावर. ज्याला आक्षेप आहे तो घेईल. चार दिवस भांडणं होतील, होऊ देत. नळावरही व्हायची.

हे एवढं तातडीचं का, तेही सांगतो. भेंडीबाजारातली हुसैनी इमारत ३१ ऑगस्ट २०१७ च्या सकाळी कोसळली आणि ३३ माणसं गेली. ती धोकादायक असल्याचं आधी सांगून झालं होतं, काही कुटुंबं दुसरीकडे गेलीही होती. मागे राहिलेल्यांच्या मनात काय होतं ते त्यांच्यासोबत गेलं. पण गिरगावात, काळबादेवीत, लालबागला टेकू लावलेल्या इमारतींत आजही मी जातो, आणि घर सोडा म्हटलं की लोक काय म्हणतात ते ऐकतो. "छप्पर पडलं तर बघू. शिबिरात गेलो तर परत कोण आणणार?" डोक्यावर गळकं छप्पर परवडतं, बिननंबरी रांग परवडत नाही, असा त्यांचा हिशोब आहे. त्यांना वेडं म्हणायला माझी जीभ उचलत नाही. शिबिरातून परत गेलेल्या माणसाचं नाव त्यांना कुणी सांगू शकलं, तर त्यातले निम्मे उद्या सामान बांधतील.

मी स्वतः नोकरीभर पोस्टाच्या क्वार्टरमध्ये राहिलो. निवृत्तीनंतर मुदत संपायच्या आत चावी दिली. बायको आठ दिवस रडली, कारण तुळस तिथेच राहिली. पण मला त्यात अन्याय वाटला नाही. पहिल्या दिवशी सही केली तेव्हाच कागदावर लिहिलं होतं, कधी सोडायचं आणि कुणी सोडायचं. माझ्यानंतर त्या क्वार्टरमध्ये कोण येणार, तेही सगळ्या ऑफिसला माहीत होतं, ज्येष्ठतेची यादी भिंतीवर होती. चावी घेणाऱ्या पोरानं मला पेढे दिले.

जाता जाता एक. उपकरप्राप्त इमारती संपादन करण्याच्या १९८६ च्या तरतुदीवरून मालक कोर्टात गेले. ते प्रकरण १९९२ पासून सर्वोच्च न्यायालयात होतं आणि नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठानं ५ नोव्हेंबर २०२४ ला त्यातल्या मुख्य प्रश्नावर निकाल दिला. बत्तीस वर्षं. आमच्या खात्यात एखादं पत्र दोन वर्षांनी पोचलं तर वर्तमानपत्रात चौकट यायची. कोर्टाच्या वेगावर तुमचा इलाज नाही. फाटकावर एक फळा लावणं मात्र कुठल्याही खंडपीठापुढे अडलेलं नाही.

तुमच्यापैकी कुणाला शिबिर पाहायचं असेल तर मी घेऊन जाईन. सकाळी साडेदहानंतर या, तोवर पाण्याची गडबड आटपलेली असते.

आपला,
एक निवृत्त पोस्टमन

ता. क. आजींच्या मुलीला हे पत्र वाचून दाखवलं. शाळेचं नाव घालू नका म्हणाली, बाकी हरकत नाही. तिचा सूचीतला क्रमांक इथे लिहावा म्हणून मी विचारला. ती उठली, कपाटावरचा पत्र्याचा डबा काढला, सगळे कागद लादीवर पसरले. १९७० च्या दशकातल्या भाडेपावत्या, वडिलांचा मृत्यूचा दाखला, आईचा मृत्यूचा दाखला, अर्जांच्या पोचपावत्या, त्यातल्या दोन माझ्याच हस्ताक्षरात. तासभर आम्ही दोघांनी एकेक कागद उलटून पाहिला. क्रमांक कुठेच नव्हता.